कमी भरलेली गोळी

माझे भाऊजी वजनकाटे दुरुस्त करतात. किराणा दुकानातले, सराफाचे, भंगारवाल्याचे, गोदामात गोणी चढवायचे, सगळे. या धंद्यात राहून माणसाचं दोनपैकी एक होतं. एक तर तो दुकानदाराशी संधान बांधून काट्याला थोडं झुकायला शिकवतो, नाही तर जगात कुणाच्याच शब्दावर विश्वास ठेवत नाही. भाऊजी दुसऱ्यातले. माझी भाची जन्मली तेव्हा नर्सने बाळाचं वजन सांगितलं, तर हा माणूस आधी त्या काट्यापाशी गुडघे टेकून बसला. काटा रिकामा असतानाच पुढे दाखवतोय हे सिद्ध करूनच उठला. ताई अजून म्हणते, पोरीला हातात घ्यायच्या आधी बापाने तिला कमी केली.

ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण, आणि ती काही कमी नाही. ती एका वसतिगृहाची कोठी सांभाळते. चमचे मोजल्याशिवाय दिवा घालवत नाही. शेरास सव्वाशेर. नवरा बाजारातून आला की ही पिशवी हातात तोलून बघते, आणि हिने सांगितलेला भाव तो दुसऱ्या दुकानात जाऊन विचारून येतो. मी समोरच्याच इमारतीत राहते. माझी नोकरी टेलिफोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायची, त्यामुळे खोटं बोलणाऱ्याचा आवाज मला पहिल्या वाक्याला कळतो असा माझा समज आहे. भाऊजींना मी संशयराव म्हणते. मेहुणीला तेवढा हक्क असतो. खरं सांगायचं तर त्या दोघांचा मला हेवा वाटायचा. इतक्या बारकाईने एकमेकांवर लक्ष ठेवणारी माणसं मी दुसरी पाहिलेली नाहीत, आणि लक्ष ठेवणं हीच त्यांची माया होती.

मग गोदामातल्या एका मोठ्या काट्याचं पोलादी ताट उचलताना भाऊजींच्या पाठीत काहीतरी तुटल्यासारखं झालं. मणक्याचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना सर्जनने अफूच्या नात्यातल्या जबर गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं, दुखणं अंगावर काढू नका, लागेल तशी घ्या. आणि ज्या माणसाने आयुष्यात कशावर डोळे झाकून विश्वास ठेवला नव्हता, त्याने तो या गोळीवर ठेवला. माझा तर अजून त्या सर्जनवर राग आहे. लागेल तशी म्हणजे किती, हे त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

गोळी तीच राहिली, दुखणंही तेच, पण गोळीचा पल्ला आखूड होत गेला. आधी एक पुरायची, मग दोन, मग वेळेआधी तिसरी. भाऊजी जेवता जेवता पेंगायला लागले. मुलीचा फोन आला की दोन वाक्यं बोलायचे आणि तिसऱ्याला विसरायचे की कुणाशी बोलतोय. एकदा एक दुकानदार काटा परत घेऊन आला. म्हणाला, अजून थोडा पुढे पळतोय. भाऊजींनी नुसतं पाहिलं आणि म्हणाले, चालतंय की. तो दुकानदार सुद्धा दचकला. ताई आत मोरीत जाऊन रडली. तिने मला नंतर सांगितलं की नवरा मेला असता तर कळलं तरी असतं, हा तर समोर बसून नाहीसा होतोय.

शेवटी आम्ही त्यांना दुखण्यावर उपचार करणाऱ्या एका दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई बोलायला मऊ आणि फार हसऱ्या, म्हणून मला पहिल्या दिवसापासून त्यांचा संशय. त्यांनी बेत सांगितला. जुनी गोळी एकदम सोडायची नाही, शरीर बंड करतं. ती पायरीपायरीने उतरवायची. सोबत पाठीचे व्यायाम आणि एक नवं औषध. जुनी गोळी डोक्यात शिरून दुखण्याची फिकीर घालवते, म्हणून डोकंच तिला चटावतं. नवं औषध जिथून कळ निघते तिथल्या नसांवर काम करतं, डोक्याच्या वाटेला जात नाही, म्हणून त्याची सवय लागू नये. पण ते अजून थोड्याच लोकांना दिलं आहे, काही विपरीत दिसलं तर त्याच दिवशी बंद, असंही त्यांनी बजावलं.

घरी येताना तिघांचे तीन संशय. भाऊजी म्हणाले, ज्याची सवय लागत नाही त्यात काही नसणारच, खडू असेल. ताई म्हणाली, डॉक्टरांनीच लावली आणि आता डॉक्टरच सोडवणार, आवळा देऊन कोहळा काढायची ही तऱ्हा. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तिचं चुकत नव्हतं. मी म्हणाले, नवं औषध करून बघायला यांना फुकटात माणसं लागतात, तशी ही मिळाली. तरी दुसऱ्या दिवसापासून औषध सुरू झालं, कारण दुसरं काही उरलं नव्हतं.

जुन्या गोळ्यांची डबी ताईकडे आली. दवाखान्याने सांगितलेला तुकडा तिने रोज सकाळी तोडून द्यायचा आणि त्यांनी तिच्यासमोर गिळायचा, असं ठरलं. भाऊजी म्हणाले, रिकाम्या पोटी मळमळतं, मी कामाच्या टेबलावर चहाबरोबर घेतो. टेबल स्वयंपाकघराच्या दारातून दिसतं. त्यावर सराफी काटा ठेवलेली काचेची पेटी असते, तिच्या मागे त्यांचे हात झाकले जात, पण तोंड आणि गळा दिसे. ताई दारात उभी राहून गळ्यातला घोट खाली उतरेपर्यंत बघायची. मग पाणी प्यायला लावायची. मग जीभ दाखवायला. मी म्हटलं, ताई, तो नवरा आहे, घोडा नाही. ती म्हणाली, घोड्याचा मला भरवसा आहे.

आणि नवं औषध लागू पडत होतं. मी मान्य करायला तयार नव्हते, पण दिसत होतं. भाऊजी पुन्हा जमिनीवर मांडी घालून बसायला लागले. एका मोठ्या काट्याची दांडी जिच्यावर डोलते ती पोलादी धार त्यांनी स्वतः घासून बसवली, आणि पोटावर हात ठेवून त्या काट्याकडे असे बघत राहिले की मला हसू आलं. मुलीशी फोनवर भांडले. भांडण संपेपर्यंत त्यांना विषय आठवत होता. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ताईचं कौतुक केलं. म्हणाल्या, जुनी गोळी निम्म्यावर आली आणि काकांना त्रास नाही, प्रत्येक घरात तुमच्यासारखं माणूस हवं. ताईने मान खाली घातली. मला तेव्हा ते लाजणं वाटलं.

ते लाजणं नव्हतं. थोड्याच दिवसांनी मी सकाळी साखर मागायला गेले, तर ताई ओट्यावर ब्लेडने गोळी तोडत होती. दवाखान्याने सांगितली होती अर्धी. हिने अर्धी केली, मग त्या अर्धीतला मोठा लचका तोडून नळाखाली धरला. उरली जेमतेम पाव. मी तिचा हात धरला. तिने सांगितलं, सुरुवातीला नुसती कड खरवडत होते, काही झालं नाही, मग धीर चेपला. डॉक्टरांच्या पायऱ्यांनी तो जिना वर्षभर संपायचा नाही आणि तिला नवरा आत्ता हवा होता. मी म्हटलं, डॉक्टरीणबाईंना सांग. ती म्हणाली, त्यांना बरं वाटतंय ना? मग तू गप्प बस. मी साखर घेऊन निघाले, कारण भाऊजींना खरंच बरं वाटत होतं. पाव गोळीवर एवढं बरं कसं वाटतं, हा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जाईना.

त्याचं उत्तर फळीवर होतं. ओतीव लोखंडी वजनांच्या बुडाला एक खळगा असतो. माप तंतोतंत भरावं म्हणून त्यात शिसं ओतून बंद करतात. भाऊजींच्या खोलीत अशी जुनी वजनं ओळीने मांडलेली असतात. ताई फळी पुसत होती, तेव्हा त्यातलं एक तिने बाजूला सरकवलं आणि ते वाजलं. लोखंड खुळखुळत नाही. तिने ते उलटं केलं. शिशाच्या जागी मेणाचं बूच होतं, वर काजळी फासलेली. आत जुन्या गोळ्या, ऑपरेशननंतरच्या 'लागेल तशी घ्या'च्या दिवसांत साठवलेल्या. ज्या माणसाने दुसऱ्यांची हलकी मापं भर बाजारात उचलून दाखवली, त्याच्याच फळीवर एक हलकं माप बसलेलं होतं. कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

ताईने मला हाक मारून ते दाखवलं.  इतके दिवस ही एका बाजूने काढत होती आणि तो दुसऱ्या बाजूने भरत होता, आणि दोन लबाड्या मिळून काटा मधोमध उभा होता. डॉक्टरीणबाई त्यालाच यश म्हणत होत्या. मी ताईला म्हटलं, आता तरी दवाखान्यात जाऊ. तिने ऐकलं नाही. संतापाच्या भरात सगळ्या गोळ्या संडासात ओतल्या, बूच लावलं आणि वजन जागेवर ठेवलं.

दुपारी भाऊजी खोलीतून बाहेर आले. मी तिथेच होते. त्यांनी ताईला विचारलं, "फळी तू पुसलीस का?"

"हो. धूळ फार झाली होती."

 त्यांना विचारता येत नव्हतं आणि तिला सांगायचं नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मला वाटलं, आज तरी ताई पुरी अर्धी गोळी देईल. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम विचारलं. तिने दिली नव्हती. आता तर पावच पुरे, म्हणाली, खोड मोडू दे.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भाऊजींना घाम सुटला. अंगावर काटा, नाकाडोळ्यांतून पाणी, पोटात पिळवटून कळा, पाय एका जागी ठरेनात. जांभयांमागून जांभया, पण झोप नाही. पाठ तर पहिल्या दिवसासारखी ठणकायला लागली. ते घरात भिंतीला धरून फेऱ्या मारत होते आणि ताई त्यांच्या मागे टॉवेल घेऊन. तिला इतकं घाबरलेलं मी आई गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं. आम्ही त्यांना गाडीत घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना तपासलं आणि त्यांचं हसू गेलं. म्हणाल्या, ही लक्षणं जुनी गोळी अचानक तुटल्याची आहेत. पण ती अर्धी चालू आहे ना? ताई म्हणाली, हो. तिचा आवाज मी ऐकला. टेलिफोनवर असता तर मी पुढचं ऐकलंही नसतं.

"मग एकच शक्यता उरते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नवं औषध जुन्याला मारक ठरतंय. असं इतर कुणात दिसलं नव्हतं, पण मी धोका घेणार नाही. नवं आजच बंद करते. काका, तुम्हाला पुन्हा जुन्या गोळीच्या पूर्ण डोसवर जावं लागेल."

हा बदल औषधांच्या खिडकीला कळवायला त्या टेबलावरच्या फोनकडे वळल्या. खोलीत आम्हा तिघांना आपापलं खरं माहीत होतं, नव्हतं ते फक्त त्यांना, आणि फोन त्यांच्या हातात होता. ज्या औषधाने भाऊजींना मांडी घालता आली तेच गुन्हेगार ठरून बाहेर चाललं होतं आणि ज्याने त्यांना पेंगायला लावलं ते सन्मानाने परत येत होतं. मी खुर्चीखालून ताईला पाय मारला. ती हलली नाही. ताठ बसून होती, कोठीत चमचा कमी भरला की बसते तशी.

भाऊजी पलंगावर पांघरुणात कुडकुडत होते. ते म्हणाले, "बाई, फोन ठेवा. मी लपवून जास्तीच्या घेत होतो. त्या संपल्या."

संपल्या म्हणाले. ताईने फेकल्या असं म्हणाले नाहीत. डॉक्टरीणबाईंनी फोन ठेवला. रोज किती, विचारलं. पाव, ते म्हणाले. मग बाईंनी मनाशी मांडलं. अर्धी उघड दिलेली आणि पाव चोरीची. म्हणजे शरीराला त्यांना वाटत होतं त्याहून बऱ्याच जास्तीची सवय आहे. तर आज निदान तेवढा डोस द्यावा लागेल, तेव्हाच हा त्रास थांबेल.

"आणि चुकून जास्त झाला तर?" ताईने विचारलं.

"तर झोप गडद होते. श्वास मंदावतो. कधी थांबतोही." डॉक्टरीणबाई तिच्याकडे बघत होत्या. "म्हणूनच मला खरा आकडा लागतो. का विचारलंत?"

ताईने भाऊजींकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं, वेदनेने. मी बोलणारच होते, तोंड उघडलंही होतं, तेवढ्यात ताई म्हणाली की अर्धी कधी दिलीच नाही. किती दिवसांपासून, कशी तोडायची, उरलेलं कुठे टाकायची, सगळं सांगितलं. फळीवरच्या गोळ्या ओतून दिल्या तेही सांगितलं. एकदाही थांबली नाही आणि एकदाही रडली नाही.  डॉक्टरीणबाई म्हणाल्या, देवा, म्हणजे पाव आणि पाव, सगळी मिळून अर्धीच.

"तुम्ही नक्की किती देत होता, ते कसं सांगणार?" त्यांनी विचारलं. "हाताने तोडलेला तुकडा. रोज वेगळा असणार."

"मी सांगतो," भाऊजी म्हणाले.

डोळे अजून मिटलेलेच होते. ते म्हणाले, तुकडा हातात आला की काचेच्या पेटीत सराफी काट्यावर ठेवायचो. पहिल्या दिवसापासून. आधी थोडा कमी भरायचा, मग रोज आणखी. जेवढा कमी तेवढा मी फळीवरच्या त्या वजनातून काढून भरायचो. त्यांनी सुरुवातीचं, मधलं आणि शेवटचं वजन सांगितलं आणि डॉक्टरीणबाई ते लिहून घेत गेल्या.

"तुम्हाला माहीत होतं," ताई म्हणाली.

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

 बाजारात कुणाचा काटा चोरटा निघाला तर हा माणूस दुकानासमोर उभं राहून बोलायचा. माणसं जमवायचा.

"सोयीचं होतं मला," ते म्हणाले. "तू कापतेस म्हणून मी घेतो, असं मला स्वतःला सांगता यायचं. तू पुरी दिली असतीस तर लपवून खाल्लेली नुसती चोरी झाली असती."

मी लोकांच्या तक्रारी ऐकते. असं उत्तर मी कधी ऐकलं नव्हतं. ताईचा चेहरा पाहून मला भाऊजींचा राग आला, आणि त्यांचा चेहरा पाहून तिचा.

"म्हणजे रोज सकाळी," ती हळू म्हणाली, "मी दारात उभी राहून तुमचा गळा बघत होते, आणि तुम्ही पेटीच्या मागे मला तोलत होता."

 डॉक्टरीणबाईंनी घसा साफ केला. म्हणाल्या, तुमचं आपसातलं तुम्ही बघा, मला आज पहिल्यांदा या घरातला खरा हिशेब मिळाला आहे. नवं औषध चालूच राहील. ते निर्दोष आहे, तुम्ही दोघं नाही. जुनी गोळी पुरी अर्धी, आणि पुढची पायरी मी सांगेन तेव्हाच. इथूनच एकेका दिवसाचा तुकडा पुडीत बंद करून देऊ, घरी ब्लेड लावायचं नाही. सुईने काहीतरी टोचलं आणि संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. भाऊजींचे पाय हळूहळू थांबले. त्यांना झोप लागली तेव्हा ताई त्यांच्या छातीकडे बघत बसली होती, वर-खाली होतेय की नाही ते. डॉक्टरीणबाईंचा संशय मला आता येईनासा झाला होता, पण पुड्या मात्र मी उजेडात धरून बघितल्या.

निघताना नर्सने पुड्यांचं पाकीट आणलं आणि विचारलं, कुणाकडे देऊ? माझ्याकडे बघत होती. ताईने ते तिच्या हातातून घेतलं आणि सरळ भाऊजींच्या हातात दिलं.

"तुम्हीच ठेवा," ती म्हणाली. "मला आता नाही जमायचं. उभं राहून गळा बघणं, जीभ बघणं. माझ्याकडून ते होणार नाही."

भाऊजी व्हरांड्यात उभे होते, एक हात भिंतीला. पाकीट हातात आल्यावर त्यांनी ते तोलून पाहिलं. आतल्या पुड्या वाजल्या. त्यांनी ते परत तिच्यापुढे धरलं.

"नको. तूच ठेव."

"का? माझ्यावर विश्वास आहे?"

"नाही," भाऊजी म्हणाले. "पण माझ्यापेक्षा तुझ्यावर जास्त आहे."

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने पाकीट घेतलं, पर्समध्ये टाकून चेन ओढली, आणि दुसऱ्या हाताने त्यांचं कोपर धरून फाटकाकडे चालायला लागली.